'च' कुठे लावायचा?

दादर स्टेशनवर 'एक नंबरवर भेटू' असं ठरवलेल्या दोघांची चुकामूक होणं ही मुंबईत वर्षानुवर्षं नेमाने घडणारी गोष्ट होती. पश्चिम रेल्वेचा एक नंबर वेगळा आणि मध्य रेल्वेचा वेगळा. बोरिवलीहून आलेला एका फलाटावर ताटकळत उभा, तर डोंबिवलीहून आलेला दुसऱ्या. दोघंही आपापल्या परीने बरोबर आणि दोघंही एकमेकांवर चिडलेले. अखेर ९ डिसेंबर २०२३ पासून रेल्वेने दादरच्या फलाटांना सलग क्रमांक दिले. पश्चिम रेल्वेचे एक ते सात तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे आठ ते चौदा झाले. आता दादरला एक नंबर एकच आहे.

संगणकांच्या नेटवर्कमध्ये काम करणाऱ्या माणसाला हा उपाय लगेच पटतो. आमच्या कामाचा पहिला नियमच तो, की एका नेटवर्कमध्ये दोन यंत्रांचा पत्ता एकच असता कामा नये. पण यंत्रांना नंबर देऊन जो घोळ मिटतो, तो माणसांच्या बोलण्यातून मिटत नाही. 'परळला उतर' म्हटलं की कोणी मध्य रेल्वेच्या परळला उतरतो, तर कोणी पश्चिम रेल्वेच्या लोअर परळला. आज मला अशाच एका घोळाबद्दल बोलायचं आहे. नेटवर्किंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एकाच प्रश्नाचे दोन अर्थ निघतात, तेव्हा काय करायचं? विषय मोजक्या मुलांचा वाटेल. पण ज्यांच्या घरातलं कोणी या क्षेत्राकडे वळलंय त्यांना तो जवळचा वाटेल, आणि सोसायटीच्या नोटिशीवरून ज्यांनी कधी वाद घातलाय त्यांनाही.

गेली वीसेक वर्षं मी दादरमध्ये नेटवर्किंग शिकवतो. माझ्याकडे येणारी बरीचशी मुलं गिरगाव, लालबाग, परळ, करी रोड या भागातली. १८ जानेवारी १९८२ ला जो गिरणी संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यांच्यापैकी कोणाची मुलं, कोणाची नातवंडं माझ्या वर्गात बसतात. ज्या कंपाउंडमध्ये आजोबा भोंग्यावर शिरायचे, त्याच फिनिक्स किंवा कमला मिलच्या आवारात आज कचेऱ्या आणि दुकानं आहेत. तिथल्या भिंतींमागून, छतांमागून केबल गेलेल्या आहेत. त्या केबलच्या टोकांना जी यंत्रं असतात, म्हणजे स्विच आणि राउटर, ती लावणं आणि चालती ठेवणं हे या मुलांना मिळू शकणारं काम. स्विच एका कचेरीतले संगणक एकमेकांना जोडतो. राउटर एका नेटवर्कमधला मजकूर दुसऱ्या नेटवर्ककडे योग्य वाटेने पाठवतो. पोस्टमन आणि सॉर्टिंग ऑफिस डोळ्यांपुढे आणलं, तरी आजच्यापुरतं भागेल.

हे काम येतं की नाही हे ठरवायला यंत्रं बनवणाऱ्या कंपन्याच परीक्षा घेतात. त्यांतली सगळ्यात नावाजलेली प्रात्यक्षिक परीक्षा सिस्को कंपनीची, सीसीआयई. ती १९९३ मध्ये सुरू झाली. उत्तीर्ण झालेल्याला एक क्रमांक मिळतो, आणि हे क्रमांक १०२४ पासून सुरू झाले. तो पहिला क्रमांक कंपनीने माणसाला न देता परीक्षेच्या प्रयोगशाळेलाच देऊन टाकला. सुरुवातीला ही परीक्षा दोन दिवस चालायची. २००१ पासून ती एका दिवसाची, आठ तासांची झाली. समोर नेटवर्कचा नकाशा, हातात प्रश्न आणि यंत्रं चालू. लिहायचं काही नाही, करून दाखवायचं. एखाद्या प्रश्नात चार अटी असल्या आणि तीन पाळल्या, तर त्या प्रश्नाचे गुण शून्य. पाऊण काम केल्याचे पाऊण गुण मिळत नाहीत.

भारतात या परीक्षेचं कायमचं केंद्र बंगळुरूला आहे. फी डॉलरमध्ये भरायची, आणि आजच्या भावाने ती लाख रुपयांच्या पुढे जाते. शिवाय प्रवास, राहणं आणि त्याआधीचा वर्ष-दीड वर्षाचा सराव. पूर्वी मुलं लॅमिंग्टन रोडला, म्हणजे आपल्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, जुने राउटर धुंडाळायची आणि चाळीतल्या पोटमाळ्यावर मांडून सराव करायची. आता राउटरची नक्कल करणारी सॉफ्टवेअर आली, त्यामुळे तो खर्च वाचला. परीक्षेचा खर्च मात्र वाचत नाही. लालबागच्या एका मुलाने फी भरली ती आईच्या भिशीच्या पैशांतून. पहिल्या खेपेला तो नापास झाला. निकालपत्रात कुठल्या भागात किती टक्के एवढंच असतं. कुठलं उत्तर का चुकलं, ते कळत नाही. परत आल्यावर तो एवढंच म्हणाला, "सर, मला येत नव्हतं असं त्यात काहीच नव्हतं."

हे वाक्य मी इतक्या मुलांकडून ऐकलंय, की त्याचा विचार करणं भाग पडलं. परीक्षेला बसणारा प्रश्न बाहेर सांगणार नाही असं लिहून देतो, आणि ते पाळलंच पाहिजे. म्हणून पुढची उदाहरणं माझी आहेत, कुठल्या परीक्षेतली नाहीत. पण मुलं अडतात ती जागा त्यांवरून नीट दिसेल. मोठाले तांत्रिक शब्द त्यांना अडवत नाहीत, ते तर तोंडपाठ असतात. मराठी माध्यमातून आलेला मुलगा अडतो तो ओन्ली, एनी, ऑल, अनलेस, एक्सेप्ट, शुड असल्या चिमुकल्या शब्दांवर. वाचताना हे शब्द नजरेखालून सहज निसटून जातात आणि गुण घेऊन जातात.

एक वाक्य घेऊ. 'ओन्ली अलाऊ एसएसएच टू राउटर वन फ्रॉम व्हीलॅन टेन.' यातलं एसएसएच म्हणजे दुरून राउटरमध्ये सुरक्षितपणे शिरून त्याला आज्ञा देण्याची सोय. व्हीलॅन टेन म्हणजे संगणकांचा एक गट, समजा हिशेब विभाग. वाक्य नऊ शब्दांचं आहे. पण 'ओन्ली' सुरुवातीलाच येऊन बसलाय आणि तो नेमका कोणाचा, हे कळायला मार्ग नाही.

आता हेच वाक्य मराठीत करू. 'हिशेब विभागातूनच राउटर एकवर लॉगिन करता यावं.' म्हणजे बाकीच्या विभागांना लॉगिन बंद, पण हिशेब विभागाची राउटरशी चालणारी इतर कामं चालू राहतील. दुसरी रचना अशी, 'हिशेब विभागातून राउटर एकवर लॉगिनच करता यावं.' म्हणजे त्या विभागाने या राउटरशी दुसरा कुठलाही व्यवहार करायचा नाही. आणि तिसरी, 'हिशेब विभागातून राउटर एकवरच लॉगिन करता यावं.' म्हणजे राउटर दोन आणि तीनचे दरवाजे त्यांना बंद. एक 'च' तीन ठिकाणी बसला आणि तीन वेगळी कामं झाली. तिन्हींसाठी यंत्रावर द्यायच्या आज्ञा वेगवेगळ्या आहेत.

इंग्रजीतला 'ओन्ली' दूर उभा राहून बोट दाखवतो. मराठीतला 'च' शब्दाला चिकटतो, आणि चिकटायचं म्हटलं की कोणाला चिकटायचं हे आधी ठरवावं लागतं. म्हणून मी मुलांना सांगतो, अडलेलं वाक्य मनातल्या मनात मराठीत करा आणि 'च' लावून बघा. तो एकाच ठिकाणी बसला तर प्रश्न सरळ आहे. दोन ठिकाणी बसला तर सावध व्हा. 'एनी' आणि 'ऑल' साठी 'कुठलाही' आणि 'सगळेच' वापरून पाहा. 'एक्सेप्ट' साठी 'सोडून' वापरा आणि नेमकं कोणाला सोडून ते बोटाने दाखवा. आपलं इंग्रजी कच्चं म्हणून ही मुलं खाली मान घालतात. पण याच कामात त्यांची मातृभाषा त्यांना उपयोगी पडते.

दुसरा घोळ 'पाहिजे' चा. 'पाहिजे' हा आपल्याकडे हुकूमही असतो, सल्लाही असतो आणि नुसती इच्छाही असते. इंग्रजीत मस्ट, शुड आणि मे यांचा असाच गोंधळ इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या इंजिनिअरांनाही भेडसावत होता. त्यांची आयईटीएफ नावाची संघटना आहे. मार्च १९९७ मध्ये तिच्यातर्फे स्कॉट ब्रॅडनर यांनी लिहिलेलं एक छोटंसं टिपण प्रसिद्ध झालं, क्रमांक २११९. त्यात ठरलं की मस्ट म्हणजे केलंच पाहिजे. शुड म्हणजे करावं, पण सबळ कारण असेल आणि परिणाम पूर्ण समजून घेतले असतील तर न केलं तरी चालेल. मे म्हणजे केलं तर केलं. म्हणजे आपलं 'लागेल', 'बरं' आणि 'चालेल'. गंमत पुढे आहे. शब्दांचे अर्थ ठरवणाऱ्या या टिपणाबद्दलच शंका निघाल्या, म्हणून २०१७ मध्ये आणखी एक टिपण, क्रमांक ८१७४, काढावं लागलं. ठरलेले अर्थ हे शब्द मोठ्या लिपीतल्या अक्षरांत छापलेले असतील तेव्हाच घ्यायचे, असा खुलासा त्यात आहे. जगभरच्या हुशार इंजिनिअरांना हे वीस वर्षांनी करावं लागलं, तर लालबागच्या मुलाने परीक्षेत बुचकळ्यात पडण्यात लाजण्यासारखं काही नाही.

तिसरा प्रकार जास्त सूक्ष्म आहे. 'हिशेब विभागाने भांडार विभागाशी संपर्क सुरू करू नये.' हे वाचून बहुतेक मुलं हिशेबाकडून भांडाराकडे जाणारा सगळा मजकूर अडवून मोकळी होतात. फोनचं उदाहरण घ्या. 'तू त्यांना फोन करू नकोस' आणि 'तू त्यांच्याशी बोलू नकोस' यांत फरक आहे. पहिल्यात त्यांचा फोन आला तर उत्तर देता येतं. हिशेबाकडून जाणारं सगळंच अडवलं, तर भांडाराने विचारलेल्या गोष्टीचं उत्तरही अडतं आणि दोन्ही बाजूंचं बोलणं बंद पडतं. प्रश्नात 'सुरू करू नये' असं असेल तर उत्तराला वाट ठेवली पाहिजे. 'संपर्क नसावा' असं असेल तर ठेवायची गरज नाही. सगळा फरक एका क्रियापदात आहे.

आता कोणी म्हणेल, प्रश्न असे आडून का विचारतात? सरळ सांगत का नाहीत? याचं एक कारण हेतुपुरस्सर आहे. दोन राउटर एकमेकांशी बोलताना परवलीचा शब्द वापरतात. तो उघडाही पाठवता येतो, किंवा त्याचा नुसता गणिती ठसा पाठवता येतो. प्रश्नात 'अमुक पद्धत वापरा' असं नसतं. 'परवलीचा शब्द तारेवर वाचता येऊ नये' एवढंच असतं. कुठलं हत्यार काढायचं हे ओळखणं हीच तिथे परीक्षा असते. फुटलेल्या प्रश्नपत्रिका घोकून येणारेही अशा रचनेत अडकतात. २००९ मध्ये सिस्कोने याच हेतूने आपल्या प्रात्यक्षिकाच्या आधी चार छोटे उघडे प्रश्न घातले होते, ज्यांचं उत्तर दोन-चार शब्दांत स्वतः टाइप करायचं. परीक्षार्थींना ते फारसे रुचले नाहीत आणि २०१० मध्ये ते काढून टाकण्यात आले. मात्र २०२० पासून परीक्षेचे पहिले तीन तास नेटवर्कच्या आखणीचे आहेत. त्यात ग्राहकाची ई-मेल, कागदपत्रं वाचून निर्णय घ्यायचे असतात आणि मागच्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही. त्यानंतरचे पाच तास यंत्रांवर काम. म्हणजे वाचनाचं वजन उलट वाढलंच आहे.

वाक्याचे दोन अर्थ निघाले तर कुठला धरायचा, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. यज्ञाच्या आज्ञांचे अर्थ लावण्यासाठी मीमांसा नावाचं एक शास्त्रच उभं राहिलं. जैमिनीच्या सूत्रांत अर्थ ठरवण्याची सहा साधनं बलाबलाच्या क्रमाने दिली आहेत: श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या. आपल्या कामापुरता सारांश असा, की प्रत्यक्ष शब्द सगळ्यात बलवान. संदर्भ, जागा आणि नाव यांचा क्रम त्यानंतर. धार्मिक विधींसाठी घडलेले हे नियम पुढे वारसाहक्काच्या कायद्यातही वापरले गेले. मुंबई उच्च न्यायालयात वकिली केलेले आणि १९६३ मध्ये भारतरत्न मिळालेले पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात त्यांची सविस्तर चर्चा केली आहे.

त्यातलं कपिंजल पक्ष्यांचं उदाहरण मी वर्गात नेहमी सांगतो. कपिंजल पक्षी अर्पण करावेत अशी एक आज्ञा आहे. शब्द अनेकवचनी आहे, पण संख्या दिलेली नाही. किती पक्षी? मीमांसकांनी उत्तर दिलं, तीन. संस्कृतात दोनासाठी द्विवचन वेगळं असतं, त्यामुळे अनेकवचन तीनपासून सुरू होतं. तीन झाले की आज्ञा पुरी झाली. चौथ्याला हात लावायला आधार उरत नाही. परीक्षेतला सगळ्यात उपयोगी नियम हाच आहे. शब्द पुरे होतील एवढंच करा. हुशार मुलं इथेच फसतात. त्यांना वाटतं, सुरक्षिततेसाठी आणखी दोन कुलपं लावली तर परीक्षक खूश होईल. वाढीव कुलपाला गुण नसतात. पण त्या कुलपामुळे दुसऱ्या प्रश्नातली वाट बंद झाली तर तिथले गुण जातात.

हे घडतं कसं, तेही सांगतो. राउटरवर कोणाला सोडायचं आणि कोणाला अडवायचं याची यादी लिहिता येते. या यादीच्या शेवटी एक न लिहिलेली ओळ असते: बाकी सगळं बंद. मघाच्या प्रश्नात एखाद्याने 'लॉगिनला परवानगी' एवढी एकच ओळ लिहून यादी दारावर लावली, की त्या दारातून येणारे शेजारच्या राउटरचे निरोपही अडतात. राउटर एकमेकांना सतत निरोप पाठवून वाटा सांगत असतात. ते निरोप थांबले की काही वेळातच शेजारी मेला असं धरलं जातं, वाटा पुसल्या जातात आणि सकाळी दहा वाजता बरोबर केलेले तीन प्रश्न दुपारी दोन वाजता चुकीचे होतात. मुलगा मात्र बारावा प्रश्न सुटला म्हणून खुशीत असतो. म्हणून दुसरा नियम असा, की जो अर्थ घेतल्याने आधीचं काम मोडतं, तो अर्थ बहुधा चुकीचा असतो.

तिसरा नियम गृहीत गोष्टींचा. 'लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही' असं म्हटलं, की तो रात्री जेवत असणार हे न सांगता कळतं. याला आपल्याकडे अर्थापत्ती म्हणतात. लोअर परळच्या एका कचेरीतून माझ्या एका विद्यार्थ्याला फोन आला होता, "सगळं बंद करा, फक्त मेल चालू ठेवा." त्याने विचारलं, "नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा तरी चालू ठेवू ना?" कारण मेल कुठल्या यंत्राकडे जायची हे त्या सेवेला, डीएनएसला, विचारल्याशिवाय कळत नाही. शब्दशः आज्ञा पाळली असती तर मेलही बंद पडली असती. सांगणाऱ्याला ती सेवा ठाऊकही नव्हती, पण त्याच्या वाक्यात ती होतीच. परीक्षेतही एखादं काम पुरं व्हायला जे लागतंच, ते प्रश्नात लिहिलेलं नसलं तरी मागितलेलं असतं.

आणि तरीही गाठ सुटली नाही तर? तर विचारायचं. परीक्षेच्या खोलीत देखरेखीला एक माणूस असतो, त्याला प्रॉक्टर म्हणतात. तो उत्तर सांगत नाही, पण प्रश्नाचा खुलासा त्याला विचारता येतो. आमची मुलं उठतच नाहीत. आपलं इंग्रजी ऐकून तो काय म्हणेल ही भीती, आणि 'हे विचारलं म्हणजे आपल्याला येत नाही असं ठरेल' ही दुसरी भीती. शाळेपासून लागलेली ही सवय आहे. विचारण्याची पद्धतही शिकावी लागते. 'या प्रश्नाचा अर्थ काय?' असं विचारलं तर 'नीट वाचा' असंच उत्तर येणार. त्याऐवजी असं विचारावं: 'यातून मला दोन अर्थ दिसतात. बाकीच्या विभागांना लॉगिन बंद करायचं, की या विभागाला लॉगिनखेरीज सगळं बंद करायचं? दोन्ही मला करता येतं, कुठलं अपेक्षित आहे?' असा प्रश्न विचारणाऱ्याला विषय येतो हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. मग तो निदान 'प्रश्नातला अमुक शब्द पाहा' एवढं तरी म्हणतो, आणि पुष्कळदा तेवढं पुरतं. शिवाय असा प्रश्न तयार करता करताच निम्म्या वेळा उत्तर आपलं आपल्याला सापडतं.

लालबागचा तो मुलगा पुन्हा बसला, तेव्हा त्याने एक सवय लावून घेतली होती. पहिला अर्धा तास यंत्राला हात लावायचा नाही. सगळे प्रश्न शेवटापर्यंत वाचायचे, कारण तिसऱ्या प्रश्नाचा अर्थ कधी कधी विसाव्या प्रश्नात लपलेला असतो. कच्च्या कागदावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात काय करायचं, दुसऱ्यात काय करायचं नाही, तिसऱ्यात शंका. एकेक अट पुरी झाली की खूण करायची, आणि शेवटचा तास राखून ठेवून पहिल्या प्रश्नापासून सगळं पुन्हा तपासायचं. तो उत्तीर्ण झाला. दुसऱ्या खेपेचा अनुभव होताच, पण नवीन तंत्र असं त्याने मधल्या काळात फारसं काही शिकलेलं नव्हतं. वाचायला शिकला होता.

सगळं खापर मुलांवर फोडणंही बरोबर नाही. काही प्रश्न मुद्दाम आडून विचारलेले असतात, तर काही नुसतेच वाईट लिहिलेले असतात. परळच्या कुठल्याही कारखान्यातला जुना फिटर तुम्हाला सांगेल, ड्रॉइंगवर 'दहा मिलिमीटर' एवढंच लिहून भागत नाही. किती कमी-जास्त चालेल तेही लिहावं लागतं, नाहीतर तुकडा पास की नापास हे ठरवायचं कसं? प्रश्न काढणाऱ्याने आपल्या वाक्याला हीच कसोटी लावली पाहिजे. ज्या वाक्याचे दोन अर्थ दोन जाणकार काढतात आणि दोघांनाही बरोबर ठरवायला प्रश्नपत्रिकेत आधार सापडतो, ते वाक्य नेटवर्किंगची परीक्षा घेत नाही. ते इंग्रजीची घेतं, किंवा नशिबाची. ज्या घरात एका खेपेची फी भरायला वर्षभराची बचत जाते, तिथे हा फरक फार मोठा आहे. सराव परीक्षा काढणाऱ्या आम्हा शिक्षकांनाही हे लागू आहे. प्रश्न छापायला देण्यापूर्वी तो विषय न शिकलेल्या एका आणि शिकलेल्या एका माणसाकडून वाचून घ्यावा.

आमच्याकडे शनिवारी शेवटचा अर्धा तास यंत्रं बंद असतात. एका मुलाने एक वाक्य फळ्यावर लिहायचं आणि बाकीच्यांनी त्याचे जितके अर्थ निघतील तितके मराठीत सांगायचे. इंग्रजी शाळेतून आलेली मुलं सुरुवातीला हसतात. पण तिसऱ्या शनिवारी 'च' लावायला तीही आमच्या गिरगावकरांची मदत मागतात. हा खेळ तुम्ही घरीही खेळू शकता. चाळीच्या किंवा सोसायटीच्या फलकावर 'उद्या पाणी फक्त सकाळी सहा ते सात येईल, गच्चीवरील टाकी वगळून' अशी नोटीस लागली, की मुलांना समोर उभं करा. फक्त उद्या, की फक्त सकाळी? टाकीला पाणी जास्त वेळ येणार, की येणारच नाही? आणि मग सेक्रेटरींकडे जाऊन दोन्ही अर्थ सांगून विचारून यायला मुलांनाच पाठवा. पाणी कधी येणार ते कळेल, आणि पुढे कधी बंगळुरूच्या खोलीत प्रॉक्टरसमोर उभं राहायची वेळ आली, तर प्रश्न विचारायची सवय झालेली असेल.